शेजारच्या सीटवरची पिशवी

गाडीला वाटायचं, पिशवी म्हणजे माणूस.
डबा, पाण्याची बाटली, लॅपटॉप,
शेजारच्या सीटवर ठेवलं की टुणटुणायची,
पट्टा लावा, पट्टा लावा.
मग मी पिशवीला पट्टा लावायचे.
खारघर ते महापे, सहा वर्षं,
पट्टा लावलेली पिशवी आणि मी.

जानेवारीत कंपनीने नोटीस लावली.
एकट्याने आलेली गाडी मागच्या मैदानात, उन्हात,
महिना बाराशे रुपये.
तिघं असतील तर गेटजवळ, शेडखाली, फुकट.
बसच्या पासाचे अर्धे पैसे कंपनी देणार.
सायकलवाल्यांसाठी न्हाणीघर,
जिथे काल-परवापर्यंत जुन्या फायली होत्या.

दोन दिवस कॅन्टीनमध्ये आम्ही नोटीसच तोंडी लावली.
बोरवणकर म्हणाले, हप्ते मी भरायचे
आणि मिरवायचं दुसऱ्यांनी?
मीही मान डोलावली.
बाराशे भरले. फेब्रुवारीचेही भरले.
मार्चमध्ये स्टिअरिंग असं तापलं
की रुमालाने धरून गाडी बाहेर काढली,
आणि त्याच संध्याकाळी यादीत नाव घातलं.

तत्त्व वगैरे काही नव्हतं.
सावली हवी होती.

सोमवारी सात पन्नासला उत्सव चौकात
मुमताज मुकादम उभी, खरेदी विभाग, तळोज्याहून रिक्षाने आलेली.
मागून धापा टाकत तांडेल,
ज्यांच्याशी सहा वर्षांत लिफ्टमध्ये
मी एकच वाक्य बोलले होते:
चौथा ना?

पिशवी कुठे ठेवायची, इथून सुरुवात.
मुमताजने पुढे बसून ती मांडीवर घेतली, न विचारता,
एसटीत अनोळखी बाईचं पोर घेतात तशी.
पट्टा लावला.
गाडी गप्प.

सगळं गोडच झालं असं नाही.
तांडेल रोज चार मिनिटं उशिरा,
आणि रोज कारण नवं:
किल्ली, मांजर, गॅसवाला, मेव्हण्याचा फोन.
मुमताजला एसी सोसत नाही, मला धूळ,
म्हणून काच चार बोटं उघडी, हा तह.
आणि एकटीने रडायची सोय गेली.
तुर्भ्याचा सिग्नल, नव्वद सेकंद,
ती माझी हक्काची जागा होती.
घरात कुणाला ठाऊक नव्हती.

बुधवारी गाडी तांडेलांची.
मी डावीकडे, हात रिकामे,
उजवा पाय उगीच ब्रेक शोधणारा.
या रस्त्याचं मला काय माहीत होतं?
पुढच्या ट्रकचं फळकूट. तीन आरसे.
पामबीचला मान वळवली
तर केवढी खाडी होती तिथे,
ओहोटीची, चिखल उघडा टाकून पडलेली.
तांडेल म्हणाले, आम्ही मूळचे सारसोळचे.
आजोबा होडी ओढून ठेवायचे ना,
ती इथेच कुठेतरी,
या मधल्या लेनच्या आसपास.
मुमताजने खाली पाहिलं.
मीही पाहिलं.
तांडेलांनी लेन बदलली.

नोव्हेंबरात त्यांची पुण्याला बदली झाली.
मुमताज बहिणीच्या बाळंतपणासाठी श्रीवर्धनला, आठवडाभर.
सोमवारी पुन्हा पिशवी आणि मी.
सवयीने शेजारी ठेवली.
गाडी टुणटुणली.
पट्ट्याकडे हात गेला, अर्ध्यातून फिरला,
आणि पिशवी उचलून मी मागे टाकली.

उत्सव चौकात गाडी आपोआप कडेला आली.
सात पन्नास.
सात चौपन्नपर्यंत थांबले.
बसस्टॉपवरचा एक मुलगा माझ्याकडे बघत होता,
विचारावं की नाही, अशा तोंडाने.
त्याची बस आली.

तुर्भ्याला सिग्नल लागला.
नव्वद सेकंद, पूर्ण.
काच चार बोटं उघडी होती.
बंद करायची राहून गेली.

गेटवर वॉचमन वाकून आत बघतो:
आज एकट्याच, चौबळ मॅडम? मग मागे, उन्हात.
आणि वहीत वेळ लिहिताना विचारतो,
उशीर का झाला?

मी कारण सांगते.
नवं.